मेलेल्याला कोपरा कशाला लागतो

मेर्सिदाच्या परसात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुंपणावर माणसं, आंब्याच्या झाडावर माणसं, शेजाऱ्याच्या पत्र्यावरही माणसं. पत्रा दोनदा करकरला, तरी कुणी खाली उतरेना. सगळ्यांचे डोळे एका लाल मोटारीवर खिळले होते. मोटारीचा मालक ब्राउलिन, मेर्सिदाचा एकुलता एक मुलगा, तीन आठवड्यांपूर्वी उसाच्या फडात सापडला होता, दगडाने डोकं ठेचलेला. आणि आता त्याचं काळीज त्याच्या मोटारीत धडधडतं, असं अख्खं पोसो वेर्दे गाव शपथेवर सांगत होतं.

सांगणारे काही वेडे नव्हते. मागच्या सीटवर बसायचं, काचा वर करायच्या, दार ओढून घ्यायचं. बाहेर गावचा मांत्रिक पापा एल्पिदियो काठी आपटून मेलेल्याला हाक मारायचा, आणि बसलेल्याच्या छातीवर आतून कुणीतरी मूठ मारावी तसा ठोका बसायचा. त्याला आवाज म्हणवत नव्हतं. कानाआधी तो बरगड्यांना कळायचा. समोरचा आरसा थरथरायचा, त्यातलं आपलंच तोंड दोन-दोन दिसायचं. गाडीमागे मांडलेल्या वेदीवरच्या मेणबत्त्यांच्या ज्योती ठोक्यासरशी एकदम वाकायच्या. बाहेर पडणारा माणूस रडतच बाहेर पडायचा. गुडघ्याचं दुखणं गेलं म्हणणाऱ्या बायका आठ झाल्या होत्या, आणि त्यातल्या पाच लंगडतच घरी गेल्या होत्या.

"या, बघा, हात घालून बघा," पापा एल्पिदियो पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर करून सांगायचा. बॉनेट उघडं होतं, बॅटरीच्या जागी कोळ्याचं जाळं. डिकीही सताड उघडी होती, आणि वूफर, म्हणजे धडधडत्या ठोक्याचे मोठे स्पीकर, जिथे असायचे तिथे दोन गोल भोकं भकास बघत होती. खुन्याने ते काढून नेले होते. "वीज आहे का? नाही. तार आहे का? नाही. मी तर शाळेची पायरी न चढलेला माणूस. मग वीज कोण? संत एलियास. तार कोण? हे माझं म्हातारं रक्त." आणि मग आवाज खाली आणून तो पुढचं सांगायचा, की डिकी बंद करू नका, आत्म्याला जायला-यायला वाट लागते, काचा उघडू नका, त्याला सर्दी होते. मेलेल्या माणसाला सर्दी होते, हे ऐकूनही त्या गर्दीत कुणाला हसू आलं नाही.

पोसो वेर्द्याची गंमत अशी, की या गावाला ठोका कशाशी खातात ते शिकवायची गरज नव्हती. इथे घरात पंखा नसेल, पण मोटारीत वूफर असतो. शनिवारी संध्याकाळी चौकात गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या राहतात, डिक्या उघडतात, आणि दुकानांच्या फळीवरचे डबे आपोआप पुढे सरकायला लागतात. ज्याचा वूफर मोठा त्याची मान ताठ. वूफर दाखवायसाठीच असतो. तो डिकीत असतो आणि डिकी उघडी असते. वूफर लपवून ठेवील असा माणूस या गावात जन्माला यायचा होता. म्हणून सगळ्यांनी डिकी बघितली, ती रिकामी दिसली आणि सगळे गुडघ्यावर बसले.

फिओर्दालिसाने मात्र तीन आठवडे इकडे पाऊल टाकलं नव्हतं. हिला गावात मास्त्रा फिओर, म्हणजे उस्ताद फिओर, म्हणतात. पन्नाशीची बाई, हाताला कायम डिंकाचा वास, आणि निम्म्या गावाच्या मोटारींत वूफर बसवले ते हिने. ब्राउलिनच्या गाडीतलेही तिनेच बसवलेले. मोटार धडधडते हे कानावर आलं तेव्हाच ती समजली होती की यात काहीतरी पाणी मुरतंय. पण मेर्सिदा त्या मागच्या सीटवर डोकं टेकून झोपते, तीन दिवसांनी पहिल्यांदा घास गिळला तिने, असंही कानावर आलं. रडणाऱ्या आईच्या हातातून काय काढून घ्यायचं, असं वाटून फिओर गप्प बसली. खोटं असलं तरी कुणाचं काय जातं?

काय जातं ते आज सकाळी कळलं. तिच्या दुकानात वूफरच्या लाकडी पेट्या करणारा ओदिलॉन रविवारच्या कॉफीला आला नाही. त्याच्या ऐवजी त्याची बायको धावत आली, अनवाणी. ओदिलॉन शेजारच्या हैती देशाचा, सतरा वर्षं या गावात करवत चालवतोय, तरी गावाच्या तोंडी 'तो हैतीवाला'च. मरायच्या दिवशी दुपारी ब्राउलिन पेटीचा स्क्रू आवळून घ्यायला त्याच्याकडे आला होता, एवढंच निमित्त. त्याला पहाटे घरातून ओढून नेऊन मेर्सिदाच्या बकऱ्यांच्या गोठ्यात बांधून ठेवलं होतं. आज मेलेला स्वतः खुन्याचं नाव सांगणार होता. नावाच्या आधीच माणूस बांधून तयार ठेवला, यातच काय ते आलं. चौकीतला हवालदार गर्दी बघून गेला आणि जेवून येतो म्हणाला.

फिओर परसात शिरली तेव्हा मेर्सिदाने स्वतः तिला हाताला धरून गाडीपाशी नेलं. "बस, बाई. तुझ्यावर फार जीव होता त्याचा," ती म्हणाली. फिओर बसली, बाहेर पापाने काठी आपटली, ठोका आला. आणि खरं सांगायचं तर बाईचे डोळे भरून आले. त्याच सीटवर बसून ब्राउलिन हसत म्हणाला होता, मास्त्रा, अजून थोडा खाली आण, पोटात लागायला हवा. तिने डोळे पुसले आणि तळहात सीटच्या पाठीवर सपाट टेकवला. दुसरा ठोका आला. तिसरा आला. हा हात हजारो वेळा असा टेकवलेला होता. ठोका खरा होता, चांगला मोठा पंधरा इंची होता, आणि तो मागून, डिकीकडच्या भोकांतून आत येत होता. काठी पुन्हा वाजली, दोनदा, आणि ठोके थांबले. सुरू व्हायच्या आधी काठी एकदा आपटली होती, हेही तिच्या लक्षात राहिलं.

बाहेर येऊन तिने गाडीकडे नीट पाहिलं. ब्राउलिन गाडी आंब्याखाली, रस्त्याकडे तोंड करून लावायचा. आता ती उलटी होती, शेपूट थेट स्वयंपाकघराची भिंत आणि आवाराची भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. कोपऱ्यात वेदी, तिच्यावर जमिनीपर्यंत लोळणारी जांभळी चादर. इथे कुणी आणली गाडी, तिने मेर्सिदाला विचारलं. पापांनी, मेर्सिदा म्हणाली. बारा माणसं लावून ढकलायला लावली. चारदा मागेपुढे करवली, वीतभर इकडे, बोटभर तिकडे, मग म्हणाले, हां, आता पोचला. आत्म्याला कोपरा लागतो म्हणाले. आणि जमिनीखालच्या पाण्याच्या हौदाला एकवीस दिवस हात लावायचा नाही, आत्मा पाण्यात बुडतो. म्हणून ती शेजारून बादल्यांनी पाणी आणत होती.

फिओरच्या दुकानात नवी गाडी आली की वूफर कुठे बसवायचा ते ती अंदाजाने ठरवत नाही. वूफर तात्पुरता चालकाच्या सीटवर ठेवते, एकच खालचा सूर लावते आणि पत्र्याच्या ताटलीत मूठभर तांदूळ घेऊन गाडीभर फिरवते. जिथे तांदूळ जास्तीत जास्त नाचतात तिथे पेटी. आवाजाची वाट जातानाही तीच, येतानाही तीच. जिथे तांदूळ नाचले तिथून वाजवला की सीटवर तेवढाच पोचतो. अशा शेकडो गाड्यांत तिने पाहिलं होतं, की भिंती जवळ आल्या की ठोका फुगतो आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात तर सगळ्यात जास्त. मेलेल्याला कोपरा कशाला लागतो? कोपरा लागतो वूफरला. पण आहे कुठे तो? इतका खालचा आवाज कुठून आला ते कानाला सांगताच येत नाही. तो सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो, आणि भोंदू लोकांचं पोट नेमकं त्यावरच भरतं.

तिची नजर कोपऱ्यात अडकलेली एल्पिदियोने पाहिली असावी. कारण त्याने अचानक दोन्ही हात वर केले आणि नावं घ्यायला सुरुवात केली. आधी त्याने गावातल्या पाच जणांची नावं घेतली, ज्यांच्यावर कुणाचा संशय नव्हता. गाडी गप्प. प्रत्येक नावानंतर गर्दीने श्वास सोडला. मग तो डोळे फिरवत, तोंडाला फेस आणत, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाळा, लाकडाचा भुसा अंगाला लागलेला कोण तो? ओदिलॉन?" आणि काठी आपटली.

गाडी धडधडली. यावेळी लवकर थांबलीच नाही. काचा खडखडल्या, ज्योती वाकल्या, एक विझली. काठी दोनदा वाजली तेव्हाच गाडी गप्प झाली. गर्दीतून जो आवाज उठला तो माणसांचा वाटत नव्हता.

गोठ्याचं दार मोडूनच काढलं त्यांनी. ओदिलॉनला बाहेर आणलं ते पाय धरून, डोकं उंबऱ्यावर आपटत. पहिला दगड कुणाचा ते कुणालाच सांगता आलं नसतं. नंतर ते मोजायचंही राहिलं नाही. ज्या बायकांना त्याने पाळणे करून दिले होते त्यांनी त्याला चपलांनी मारलं. एका तरण्या पोराने त्याच्या तोंडावर लाथ घातली, दात पडले, आणि पोराने बुटाकडे वाकून बघितलं. तो मातीत पडून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, मग गावाच्या भाषेत म्हणायला लागला, मी नाही, मेर्सिदाबाई, मी नाही. मेर्सिदा गाडीला टेकून उभी होती आणि तिने तोंड फिरवलं.

कसाई गोयोने मग माणसं बाजूला केली. गोयो ब्राउलिनचा धर्मबाप. रोज डुकरं कापणारा माणूस, पण कुणाशी कधी वाकडा बोललेला नाही. त्याने ओदिलॉनचं मनगट बकऱ्यांच्या दगडी कुंडावर दाबलं आणि शांतपणे म्हणाला, "ज्या हाताने मारलंस तो आधी." कोयता खाली आला. ओदिलॉनने हात हिसकला म्हणून मनगट वाचलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कुंडातल्या पाण्यात पडलं. पाणी लाल झालं. तोवर दोघांनी त्याच्या गळ्यात घालून पेटवायला टायर आणला होता आणि एकाने पेट्रोलची कळशी.

फिओरला तेव्हा स्वतःची लाज वाटली. भीतीही होतीच, पण लाज तिच्याहून मोठी होती. तीन आठवडे तिला माहीत होतं आणि ती डिंक लावत बसली होती. ती टायर आणि ओदिलॉन यांच्या मधे जाऊन उभी राहिली. मागून एक दगड आला आणि तिच्या खांद्यावर बसला.

"माझं पण नाव विचारा," ती म्हणाली.

गोयो म्हणाला, "मास्त्रा, बाजूला हो. तुझ्या वाटेला जायचं नाही मला."

"त्या पेट्या मी बसवल्या. गाडीला शेवटचा हात माझा. मेलेला खरं बोलतो ना? मग माझं नाव घेतल्यावर गप्प बसेल. घ्या नाव, पापा. का घाबरता?"

एल्पिदियोच्या मनात काय आलं ते त्याच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. ही बाई कोपऱ्याकडे बघत होती. हिचाही काटा निघाला तर बरंच. त्याने डोळे पांढरे केले, फिओर्दालिसा म्हणून आरोळी दिली आणि काठी आपटली. गाडी धडधडली.

गर्दीत कुणीतरी म्हणालं, दोघांनी मिळून केलं. कुणीतरी म्हणालं, तरीच तिचा एवढा पुळका. एका हाताने तिचे केस धरले, पाठीत काठी बसली. ती पडली, ओठ फुटला. पण पडता पडता तिने एक काम केलं. एल्पिदियोच्या हातातली काठी तिने दोन्ही हातांनी धरली, हिसकून घेतली आणि उठून ती मेर्सिदाच्या हातात दिली. "धर," ती म्हणाली, "आणि तुझ्या पोराची शपथ, जमिनीला टेकवू नकोस. मला मारायचं तर पाच मिनिटांनी मारा. तोवर मेलेल्याला वाजू दे."

गाडी वाजतच होती. एल्पिदियो म्हणाला, आता पुरे, बाळा, शांत हो. बाळ शांत झालं नाही. त्याने दोन्ही हात पसरून संत एलियासला विनवलं, मग संत मायकेलला, मग ज्या देवतांची नावं गावाने कधी ऐकली नव्हती त्यांना. ठोके चालूच. त्याने पाय आपटला. अंगणातली माती भुसभुशीत, पायाचा आवाज होईना. त्याच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा मोठा डाग पडला. पत्र्यावरून एक म्हातारा म्हणाला, "पापा, तुमचं रक्त आज ऐकत नाही वाटतं." आणि त्या दिवसातलं पहिलं हसू गर्दीत कुठेतरी फुटलं.

वेदीवर नैवेद्याचे कच्चे तांदूळ होते, पत्र्याच्या ताटलीत. फिओरने ताटली उचलली आणि तळहातावर सपाट धरून ती गाडीभोवती चालायला लागली. रक्त तिच्या हनुवटीवरून ताटलीत ठिबकत होतं. बॉनेटपाशी तांदूळ निश्चल. पुढच्या दारापाशी एखादा दाणा हलला. हे करताना तिला गावाने शेकडो वेळा पाहिलं होतं; अंगणातल्या निम्म्या पुरुषांनी आपल्या गाडीसाठी ते श्वास रोखून पाहिलं होतं. आताही त्यांनी सवयीनेच माना पुढे केल्या. मागच्या चाकापाशी दाणे सरकायला लागले. डिकीपाशी ते उकळत्या भातासारखे उसळले. कोयता हातात तसाच धरून गोयो तिच्या मागून चालत होता, नजर ताटलीवर.

ती डिकीपाशी थांबली नाही. वेदीकडे वळली, वाकली आणि ताटली जांभळ्या चादरीच्या कडेशी, जमिनीलगत धरली. एकही तांदूळ ताटलीत राहिला नाही. सगळे उडून तिच्या रक्ताळलेल्या झग्यावर आले.

"इथे आहे तुमचा ब्राउलिन," ती म्हणाली.

एल्पिदियो कुंपणाकडे निघाला होता. पत्र्यावरच्या म्हाताऱ्याने नुसतं बोट दाखवलं, आणि चार जणांनी त्याला धरला. चादर मेर्सिदाने स्वतः ओढली. मेणबत्त्या, फुलं, रमची बाटली, सगळं खाली आलं. खाली तिच्याच हौदाचं तोंड. झाकण बोटभर सरकवून ठेवलेलं, आणि त्या फटीतून ठोक्यागणिक वारा येत होता, हाताला लागेल असा. आत्म्याचा श्वास म्हणून गावाने ज्याच्यापुढे डोकं टेकलं तो हा वारा. गोयोने झाकण उचलून फेकलं.

कोरड्या हौदात एक माणूस उकिडवा बसला होता. कानात कापूस, अंगात फक्त चड्डी, घामाने निथळणारा. वरून ऊन पडलं तसं त्याने डोळ्यांवर हात घेतला. रादामेस. पापा एल्पिदियोचा सख्खा भाचा, जो महिन्यापूर्वी राजधानीला कामाला गेला म्हणून गावाला माहीत होतं. त्याच्या शेजारी मोटारीची बॅटरी, एक अॅम्प्लिफायर, आणि तोंड वर करून ठेवलेला पंधरा इंची वूफर. काठीचा दणका त्याला हौदाच्या काँक्रीटमधून कळायचा. एक म्हणजे सुरू, दोन म्हणजे बंद. बंद करायचा दणका आलाच नाही, म्हणून बिचारा इमानदारीने वाजवत बसला होता.

त्याला काखेत धरून वर काढलं, मागोमाग वूफर. फिओरने वूफर उन्हात धरला आणि तो तिने लगेच ओळखला. कागदी शंकूवर एके ठिकाणी हिरव्या कापडाचं ठिगळ होतं, डिंकाने चिकटवलेलं, पांढऱ्या ठिपक्यांचं. पावसाळ्यात वूफर फाटला होता तेव्हा ब्राउलिन घरातून कापडाचा तुकडा घेऊन आला होता. तिला काही बोलावं लागलं नाही. मेर्सिदाने ठिगळावरून बोट फिरवलं.

"हा माझा झगा," मेर्सिदा म्हणाली. "जुना. त्याने मागून नेला होता." मग तिने रादामेसकडे पाहिलं. "डिकीतून काढलास तेव्हा तो जिवंत होता का रे?"

रादामेस मामाकडे बघायला लागला. मामाने मान खाली घातली. सगळ्या गावाने ते पाहिलं.

मग जे झालं ते आधी झालं होतं तेच. तेच दगड, त्याच चपला, तीच कळशी. रादामेसचा हात मागे मुरगळला तो खांद्यातून निखळला. एल्पिदियोचा जबडा एका ठोशात मोडला, आणि वीज कोण, तार कोण म्हणणाऱ्या तोंडातून नुसता घरघर आवाज यायला लागला. टायर रादामेसच्या गळ्यात गेला. तो रडत आईला हाका मारत होता. गोयो पुढे आला, कोयत्यावर ओदिलॉनचं रक्त अजून वाळायचं होतं. फिओर पुन्हा मधे गेली. या वेळी तिला स्वतःलाच पुढे ढकलावं लागलं, कारण या माणसाला वाचवावं असं तिला मनातून मुळीच वाटत नव्हतं.

"गोयो," ती म्हणाली, "अर्ध्या तासापूर्वी तुला खात्री होती की नाही?"

गोयोने कोयता वर उचलला.

"आत्ता आहे तेवढीच होती. रतीभर कमी नव्हती. त्या खात्रीची दोन बोटं कुंडात पडलीयेत, जा, बघून ये. याने मारलं असेल. मलाही वाटतंय यानेच मारलं. पण याला जाळलंत तर दुसरा वूफर कुठे गेला, बरोबर कोण होतं, मामाला काय माहीत होतं, हे कोण सांगणार? पुन्हा एखादी गाडी? एकदा तरी बघून, विचारून, तपासून काहीतरी करा. बांधा त्याला. हवालदाराचं जेवण झालं असेल."

कोयता बराच वेळ हवेत होता. मग गोयो गोठ्याकडे गेला, कुंडात हात घालून ती दोन बोटं त्याने बाहेर काढली आणि हातात धरून खाली बसला. धिप्पाड माणूस, पण त्याला उठवेना. टायर कुणीतरी गळ्यातून काढला. काढणाऱ्याने आपलं तोंड कुणाला दिसू दिलं नाही.

ओदिलॉन भिंतीशी पडला होता. बायकोने आपल्या झग्याची चिंधी फाडून त्याचा हात आवळला होता, पण रक्त थांबत नव्हतं. दवाखाना चौदा मैलांवर. चालू गाड्या सगळ्या चौकात, गल्ली माणसांनी भरलेली. फिओरने हौदात उडी मारली, बॅटरी वर दिली, लाल गाडीतलं कोळ्याचं जाळं हाताने पुसलं आणि बॅटरी तिच्या जागी बसवली. किल्ली मेर्सिदाच्या गळ्यात दोऱ्याला होती. किल्ली काढून देताना मेर्सिदाने फिओरचं मनगट धरलं.

"एवढे दिवस मी त्या सीटवर डोकं ठेवून झोपले," ती म्हणाली. "त्यातला एकही ठोका त्याचा नव्हता?"

फिओरला खोटं बोलता आलं असतं. त्या घटकेला तेच सोपं होतं. "एकही नाही, बाई," ती म्हणाली.

मेर्सिदा तिथेच उभ्या उभ्या रडली. त्याला पुरताना जेवढी रडली नव्हती तेवढी रडली; तीन आठवडे अडवून ठेवलेला मुलगा तिने त्या क्षणी जाऊ दिला. मग तोंड पुसून ती गाडीच्या मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, आणा त्याला. ज्यांनी मारलं त्यांनीच ओदिलॉनला उचललं. मेर्सिदाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याचा तुटका हात दोन्ही हातांनी दाबून धरला. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. फिओर चालवत होती. आरशात तिला मेर्सिदा दिसत होती. वळणावर मेर्सिदाने आपला एक तळहात ओदिलॉनच्या छातीवर ठेवला आणि दवाखाना येईपर्यंत तो काढला नाही. मधे एकदाच ती बोलली. "चालू आहे," म्हणाली. "बारीक आहे, पण चालू आहे."

ओदिलॉन जगला. तीन बोटांनी तो करवत धरायला शिकला, पण दुकानातच काम करतो, गावात कुणाच्या घरी पाळणा करायला जात नाही. गोयो माफी मागायला आला होता, कोंबडी घेऊन. ओदिलॉनने त्याला बसायला दिलं, कॉफी दिली, कोंबडी परत दिली. रादामेसने कोर्टात सगळं कबूल केलं, वूफरसाठी ब्राउलिनला मारल्याचंही. दुसरा वूफर राजधानीच्या बाजारात गेला होता. ब्राउलिनच्या आईची नजर आणि पोलिसांची नजर दोन्ही एकदम दुसरीकडे फिरावी, म्हणून मामाने ते काळीज हौदात वाजवलं. नाव हैतीवाल्याचं निवडलं, कारण ते गावाच्या ओठांवर आधीच होतं. मेलेल्याला त्याने गावाच्याच मनातलं बोलायला लावलं, आणि चमत्कार एवढा चटकन पटतो तो म्हणूनच.

वेदीवरची ती ताटली आता फिओरच्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. कुणी येऊन म्हणालं, अमक्या गावात भिंत रडते, तमक्याच्या विहिरीतून हाका येतात, तर ती वाद घालत नाही. ताटली काढून हातात देते आणि म्हणते, तांदूळ घेऊन फिरून या. भिंतीमागे जा, चादर उचला, झाकण काढा. काठी हातात घेणाऱ्याची काठी काढून घ्या. वाचणाऱ्याला आमचं सांगणंही तेवढंच आहे. छातीवर ठोका बसला तर तो खोटा नसेल, डोळ्यांत पाणीही येईल, त्यात लाज नाही. पण तो कुठून येतो ते सापडेपर्यंत हातातला कोयता खाली ठेवा. आणि ते खोटं आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल, तर तीन आठवडे थांबू नका.